शब्द लाइट यांचे, चाल मंक यांची

जुन्या संगीत नाटकाचं पुस्तक उघडलं की पदाच्या डोक्यावर बारीक टाइपात एक ओळ दिसते : 'चाल – अमुक अमुक'. नाटककाराने पद लिहिताना लोकांच्या ओठांवरची एखादी चीज, लावणी, साकी किंवा परभाषेतलं गाणं मनात धरलेलं असे. नटाने ती चाल उचलायची आणि तिच्यावर नवे शब्द बसवायचे. शब्द एकाचे, चाल भलत्याचीच, आणि दोघांची आयुष्यात कधी गाठ पडलेली नाही, यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

इंग्लंडातल्या चर्चच्या गाण्यांचा, म्हणजे हिम्सचा, कारभार बराचसा असाच आहे. फरक इतकाच की तिथे चालीला स्वतःचं वेगळं नाव असतं. गावाचं, संताचं, रस्त्याचं, कधी नुसतंच सुचलेलं. स्तोत्राखाली आकडे छापलेले असतात : 8.6.8.6 किंवा 10.10.10.10. कुठल्या ओळीत किती अक्षरं, याचा तो हिशेब. आकडे जुळले की कुठलंही स्तोत्र कुठल्याही चालीवर गाता येतं. 'अमेझिंग ग्रेस'चे शब्द जॉन न्यूटन यांनी 1779 मध्ये छापले. आज जग ज्या चालीवर ते गातं ती अमेरिकेत विल्यम वॉकर यांनी त्या शब्दांना 1835 मध्ये जोडली. नाताळात हमखास ऐकू येणाऱ्या 'हार्क द हेरल्ड एंजल्स सिंग'ची कथा तर याहून गमतीची. शब्द चार्ल्स वेस्ली यांचे, 1739 चे. चाल जर्मन संगीतकार मेंडेल्सनची, छपाईचा जनक गुटेनबर्ग याच्या गौरवासाठी 1840 मध्ये केलेल्या रचनेतली. ही चाल धार्मिक शब्दांना शोभणार नाही, असं मेंडेल्सनने स्वतःच लिहून ठेवलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर 1855 मध्ये एका इंग्रज ऑर्गनवादकाने ती नेमकी धार्मिक शब्दांनाच लावली, आणि ती लागली ती लागलीच.

अशा जोड्या शेकड्यांनी आहेत. पण एखाद्या संगीतकाराने जुन्या शब्दांसाठी नवी चाल बांधली आणि त्या चालीने शब्दांचं नशीबच पालटलं, याचं मला सगळ्यात ठळक वाटणारं उदाहरण 'अबाइड विथ मी'चं आहे. भारतात हे नाव ठाऊक असलेली माणसं पुष्कळ भेटतात. शब्द कुणाचे, हे त्यांतल्या काहींना सांगता येतं. चाल कुणाची, हे मात्र क्वचितच कुणाला माहीत असतं. आणि भारताने आजवर ऐकली ती मुख्यतः चालच!

आधी शब्दांचं पाहू. हेन्री फ्रान्सिस लाइट हे 1793 मध्ये स्कॉटलंडमधल्या एका खेड्यात जन्मले, आयर्लंडमध्ये शिकले आणि पुढे धर्मगुरू झाले. आयुष्याची वीसहून जास्त वर्षं त्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, ब्रिक्सम नावाच्या कोळ्यांच्या गावात काढली. छाती कायम नाजूक. शेवटी क्षयाने गाठलं. सप्टेंबर 1847 च्या सुरुवातीला त्यांनी आपल्या चर्चमध्ये अखेरचं प्रवचन दिलं, हवापालटासाठी ते भूमध्य समुद्राकडे निघाले आणि 20 नोव्हेंबरला नीस इथे वारले. त्या अखेरच्या प्रवचनाच्या संध्याकाळी त्यांनी हे स्तोत्र लिहिलं, अशी घराण्यातली आठवण. मरणाच्या दारातल्या एका मित्राला भेटून आल्यावर 1820 मध्येच लिहिलं होतं, असं दुसरं मत. मात्र ऑगस्ट 1847 मधल्या एका पत्रात आपली ताजी रचना म्हणून त्यांनी ते पाठवल्याचं आढळतं, त्यामुळे 1847 हे साल बहुतेकांना पटतं.

आशय बायबलमधल्या एका प्रसंगावर बेतलेला आहे. क्रूसावरच्या मृत्यूनंतर येशूचे दोन शिष्य अम्माऊस नावाच्या गावाकडे चाललेले असतात. वाटेत एक अनोळखी वाटसरू सोबतीला येतो. दिवस कलतो तेव्हा ते त्याला म्हणतात की संध्याकाळ झाली, आता आमच्याकडेच राहा. तो वाटसरू म्हणजे पुन्हा उठलेला येशू, हे त्यांना नंतर कळतं. लाइट यांनी ही विनवणी आपल्या तोंडी घेतली आणि दिवसाच्या संध्याकाळवरून आयुष्याच्या संध्याकाळकडे नेली. मूळ आठ कडवी, प्रत्येक ओळीत दहा अक्षरं, चार ओळींचं एक कडवं. आज बहुतेक ठिकाणी त्यांतली पाचच गातात.

या स्तोत्राला लाइट यांनी स्वतःही एक चाल दिली होती. ती टिकली नाही. कवीने आपल्याच कवितेला दिलेली चाल टिकायलाच हवी असा काही नियम नाही. उलट अनुभव बरेचदा वेगळाच असतो.

चौदा वर्षं गेली. 1861 मध्ये लंडनमध्ये 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' नावाचं स्तोत्रसंग्रहाचं पुस्तक निघालं. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये तेव्हा जो तो आपापल्या आवडीचा संग्रह वापरी. वेगवेगळ्या गटांच्या धर्मगुरूंनी एकत्र बसून, जुनी लॅटिन स्तोत्रं आणि ताजी इंग्रजी स्तोत्रं निवडून एक सामायिक पुस्तक करावं, असा बेत होता. हेन्री विल्यम्स बेकर हे त्या समितीचे प्रमुख. संगीत पाहायला नेमले विल्यम हेन्री मंक. पुस्तकाचं नावही त्यांनीच सुचवलं असं सांगतात.

मंक यांचा जन्म 1823 चा, लंडनचा. पेशा ऑर्गनवादकाचा आणि गायनशिक्षकाचा. किंग्ज कॉलेजमध्ये ते आधी गायकवृंद तयार करत, मग ऑर्गन वाजवू लागले, पुढे तिथेच गायनाचे प्राध्यापक झाले. 1852 पासून 1889 मध्ये मृत्यू येईपर्यंत लंडनच्या स्टोक न्यूइंग्टन भागातलं सेंट मथायस चर्च त्यांनी सांभाळलं. नावाजलेला, दौरे करणारा कलावंत असा हा माणूस नव्हे. रोज चर्चमध्ये हजर राहून, हौशी माणसांच्या गळ्यातून सुरात काही काढून घेण्यात त्याचं आयुष्य गेलं. चालीकडे पाहताना ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण ती चाल अशाच गळ्यांसाठी बांधलेली आहे.

त्या संग्रहासाठी लाइट यांचं स्तोत्रही निवडलेलं होतं. त्याला चालच नाही, हे समितीच्या बैठकीनंतर मंक यांच्या ध्यानात आलं आणि शेजारी कुणाची तरी पियानोची शिकवणी चालू असताना त्यांनी दहा मिनिटांत चाल लिहून काढली, अशी एक गोष्ट आहे. दुसरी त्यांच्या पत्नीने सांगितलेली : घरावर दुःखाची छाया असताना दोघांनी मावळता सूर्य बराच वेळ पाहिला, आणि मग मंक यांनी कागद ओढून घेतला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणं अवघड. मला पहिली जास्त पटते. ज्याची तालीम तीस-चाळीस वर्षांची असते त्याला दहा मिनिटं पुरतात, आणि मंक यांची तालीम तेव्हा निम्म्यावर तरी आलेली होती. चालीचं नाव त्यांनी ठेवलं 'ईव्हनटाइड', म्हणजे संध्याकाळची वेळ.

आता प्रत्यक्ष चाल. पाश्चात्त्य लिपी बाजूला ठेवून आपल्या स्वरांत सांगतो. हार्मोनियमवर हात फिरणाऱ्या कुणालाही ते पडताळता येईल.

सगळी चाल षड्जापासून धैवतापर्यंत, एवढ्याच सहा स्वरांच्या टप्प्यात फिरते. वरचा षड्ज कधी येतच नाही. मंद्र सप्तकात उतरणंही नाही. निषाद तर मुख्य सुरावटीत एकदाही लागत नाही. चर्चमध्ये म्हातारे असतात, मुलं असतात, पडसं झालेले असतात. या सगळ्यांना न ताणता गाता यावं इतकाच तिचा आवाका. शिवाय एका अक्षराला एकच स्वर. दहा अक्षरं, दहा स्वर. एक अक्षर धरून त्यावर हरकत घ्यावी, अशी जागाच ठेवलेली नाही. आपल्या भावगीताच्या सवयीच्या कानाला हे आधी कोरडं वाटतं. पण दोनशे माणसांनी एकदम गायचं तर हरकती उपयोगाच्या नसतात.

चारही ओळींची सुरुवात लांब स्वराने होते. पहिला स्वर दोन मात्रांचा, मग एकेक मात्रेचे दोन. त्यामुळे प्रत्येक ओळ पाय रोवून उभी राहते आणि मग चालू लागते. पहिली ओळ गंधारावर सुरू होऊन षड्जापर्यंत उतरते, तिथून एकदम पंचमावर उडी घेते, धैवताला शिवते आणि परत गंधारावर येऊन थांबते. चालीतला खरा प्रसंग ही पंचमाची उडीच. विनवणीतला माणूस खाली पाहत बोलत होता आणि त्याने एकदम मान वर केली, असं काहीतरी तिथे घडतं.

दुसरी ओळ गंधारावरून पायरीपायरीने धैवतापर्यंत चढते. या ओळीच्या अखेरीस मंक यांनी एक जागा अशी केली आहे की ती चुकली तर सगळी चालच फिकी पडेल. पंचमावर विसावण्याआधी, शुद्ध मध्यमाच्या ऐवजी तीव्र मध्यम. एकच स्वर, एकाच मात्रेपुरता. सगळी चाल बिलावलात चाललेली आणि मधूनच यमनाचा वारा यावा, असा तो लागतो. पाश्चात्त्य संगीताच्या हिशेबात हा पंचमाच्या सप्तकाकडे टाकलेला पाय आहे, म्हणजे गाण्याचं घर क्षणभर पालटतं. संगीत न शिकलेल्या माणसालाही तिथे उजेड थोडा वाढल्यासारखा वाटतो.

तिसरी ओळ पहिल्यासारखीच निघते. पहिले पाच स्वर तेच. ऐकणाऱ्याला वाटतं की पुन्हा तीच वाट. पण आता ती धैवताकडे जात नाही, पंचमावरून हळूहळू घसरत ऋषभावर येऊन लोंबकळत राहते. चारही ओळींच्या विसाव्यांत सर्वांत अपुरा, अस्वस्थ विसावा हाच. शब्दांतही इथेच सगळे आधार सुटल्याची गोष्ट आहे. मग चौथी ओळ त्याच ऋषभावरून उठते, मध्यमाच्या वर न जाता दोन वेळा षड्जाकडे उतरते आणि थांबते. गंधार, पंचम, ऋषभ, षड्ज : चार ओळींचे हे चार न्यास नुसते मनात म्हणून पाहिले तरी स्तोत्राचा सगळा आलेख समजतो.

अर्थात हे झालं फक्त वरच्या सुरावटीचं. हिमची चाल म्हणजे एकट्या सुरावटीचं गाणं नसतं. स्त्रियांचे दोन आणि पुरुषांचे दोन, असे चार आवाज एकाच वेळी चार वेगळ्या ओळी गात असतात आणि त्यांच्या मिळणीतून हार्मनी तयार होते. मंक यांनी चारही ओळी लिहिल्या. म्हणून तर ही चाल ऑर्गनवरून उचलून पितळी वाद्यांच्या बँडला सहज देता येते; चार आवाजांचं काम चार प्रकारची वाद्यं वाटून घेतात.

'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' तडाखेबंद खपलं. पुढच्या पन्नास वर्षांत त्याच्या कोट्यवधी प्रती इंग्रजी साम्राज्याच्या कानाकोपऱ्यात गेल्या, आणि त्यांच्याबरोबर लाइट-मंक ही जोडीही. 1915 च्या ऑक्टोबरात ब्रसेल्समध्ये जर्मन फौजेने एडिथ कॅव्हेल या इंग्रज परिचारिकेला गोळ्या घातल्या. आदल्या रात्री भेटायला आलेल्या धर्मगुरूबरोबर तिने हेच स्तोत्र म्हटलं होतं. 1927 पासून इंग्लंडच्या एफए कपच्या अंतिम सामन्याआधी वेम्बलीवर ते गाण्याची प्रथा आहे. फुटबॉलच्या मैदानावर मरणाचं गाणं का, असा प्रश्न बाहेरच्याला पडतो. उत्तर चालीत आहे. सहा स्वरांच्या टप्प्यातली, एका अक्षराला एक स्वर देणारी चाल बिअर प्यायलेल्या नव्वद हजार लोकांनाही झेपते. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनात एमिली सँडे हिने ते एकटीने गायलं आणि अक्रम खान यांनी त्यावर नृत्य बसवलं.

यांतली माझी सगळ्यात आवडती आवृत्ती मात्र अमेरिकेतली. जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक याने 1957 मध्ये 'मंक्स म्युझिक' नावाची तबकडी काढली. तिची सुरुवातच 'ईव्हनटाइड'ने होते. जेमतेम मिनिटभराचा तुकडा. चार फुंकवाद्यं, त्यांत कोलमन हॉकिन्स आणि जॉन कोल्ट्रेन यांच्यासारखे दिग्गज, आणि कुठेही कल्पनाविस्तार नाही. ज्याच्या नावावर तबकडी आहे तो पियानोला हातही लावत नाही. तबकडीचं शीर्षक 'मंकचं संगीत', आणि पहिला तुकडा खरोखरच मंकचा, पण दुसऱ्याच! हा विनोद त्याला नक्की दिसला असणार.

भारतात ही चाल मिशनऱ्यांनी आणि फौजी बँडनी आणली, आणि तिला मान मिळवून दिला गांधीजींनी. त्यांच्या आवडीच्या मोजक्या इंग्रजी स्तोत्रांत हे एक. साबरमती आश्रमाच्या प्रार्थनेचं संगीत सांभाळणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे मराठी गृहस्थ, विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. त्यांनी सिद्ध केलेल्या 'आश्रम भजनावली'त संतांच्या पदांबरोबर काही इंग्रजी स्तोत्रांनाही जागा मिळाली आहे.

पुढे प्रजासत्ताक दिनाच्या सोहळ्याची सांगता करणाऱ्या 'बीटिंग रिट्रीट'मध्ये ही चाल आली. 29 जानेवारीला, सूर्य मावळताना, विजय चौकात तिन्ही दलांचे बँड एकत्र ती वाजवत आणि मागून लांबवर ठेवलेल्या नळीच्या घंटांवर तिचे स्वर उमटत. रिट्रीट म्हणजे संध्याकाळ झाली, सैनिकांनी छावणीत परतावं, हा इशारा. त्याला संध्याकाळचीच चाल. कित्येक वर्षं दूरदर्शनवर हे पाहणाऱ्या कोट्यवधी भारतीयांच्या कानावर लाइट यांचा एक शब्दही पडलेला नाही. पडली ती मंक यांची चाल, निखळ, शब्दांवाचून.

2022 मध्ये ती कार्यक्रमातून काढली गेली आणि तिच्या जागी 'ऐ मेरे वतन के लोगों' आलं. त्यावर वाद झाला. एका बाजूने म्हटलं, परक्या सत्तेची आठवण कशाला. दुसऱ्या बाजूने म्हटलं, गांधीजींचं आवडतं गाणं काढलंत. बोललं गेलं ते सगळं शब्दांबद्दल, जे तिथे कधी वाजतच नव्हते. देशाच्या सैन्याने देशाची चाल वाजवावी ही अपेक्षा चुकीची नाही. पण गमावली ती एक अत्यंत मोजकी, नेमकी रचना, हे तरी कुणी म्हणायला हवं होतं.

तिच्या जागी आलेल्या गाण्याचंही तेच झालं आहे. कवी प्रदीप यांचे शब्द आणि लता मंगेशकर यांचा आवाज सगळ्यांना ठाऊक. 27 जानेवारी 1963 ला दिल्लीत नेहरूंसमोर ते पहिल्यांदा गायलं गेलं, हेही ठाऊक. पण बँडवर ना शब्द वाजतात ना लताबाईंचा गळा. तिथे वाजते ती सी. रामचंद्र यांची चाल. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याच्या या रामचंद्र नरहर चितळकरांचं नाव त्या प्रसंगात किती जणांना आठवतं?

नगरचाच विषय निघाला म्हणून एक जोडतो. 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' ज्या 1861 मध्ये छापलं, त्याच साली कोकणात नारायण वामन टिळक जन्मले. 1895 मध्ये ते ख्रिस्ती झाले आणि नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करू लागले. तिथल्या उपासनेत तेव्हा इंग्रजी चालींवर बसवलेली मराठी स्तोत्रं गात. टिळकांना ते रुचेना. त्यांनी अभंग, ओव्या, पदं आणि कीर्तनाचे प्रकार घेऊन शेकडो स्तोत्रं लिहिली, आणि 'उपासना संगीत' या मराठी स्तोत्रसंग्रहात आज त्यांचा वाटा फार मोठा आहे. त्यांचं म्हणणं रास्तच होतं. 'ईव्हनटाइड'सारख्या चालीत प्रत्येक अक्षर आघाताच्या हिशेबाने आपल्या जागी बसलेलं असतं. मराठीत आघाताला तसं वजन नाही, ह्रस्व-दीर्घाला आहे. मराठी शब्द तिथे कोंबले की ह्रस्व अक्षर दोन मात्रा लांबतं आणि दीर्घ अक्षर घाईत उरकावं लागतं. मंक यांनी इंग्रजी बोलण्याच्या चालीतून आपली चाल काढली. टिळकांनी मराठी बोलण्याच्या चालीतून आपली. दोघांचं काम एकाच जातीचं आहे.

घरात हार्मोनियम असेल तर एवढं जरूर करून पाहा. कुठल्याही पट्टीत षड्ज धरा, दुसऱ्या ओळीच्या शेवटाला म, रे, ग, तीव्र म, प असं वाजवा, आणि मग त्याच जागी तीव्राऐवजी शुद्ध मध्यम लावून पाहा. मंक यांनी त्या दहा मिनिटांत काय केलं ते लगेच कळेल.